साळूबाईचा पांढऱ्या

श्रीपतनं जीपमधून कुत्रा उतरवला तेव्हा वरंधजवळच्या वाडीतली माणसं हसली. अंग पांढरंफेक, तोंड सोललेल्या नारळासारखं, डोळे बारीक आणि तिरपे. "डुक्कर आणलंस काय रे?" कुणीतरी विचारलंच. श्रीपतची आई साळूबाई मात्र लेकाच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे बघत होती.

श्रीपत महाडला कारखान्यात कामाला. बदली झालेल्या साहेबानं हा बुल टेरियर त्याला देऊन टाकला होता. घरात रुळलाही होता. पण एका दुपारी श्रीपतच्या बायकोनं, सुरेखानं, झोपलेल्या कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यानं गर्रकन वळून तिच्या मनगटाला दात लावले.

"हाक मारली तर वळून बघत नाय, आई. लय हट्टी हाय. सुरेखा आता त्याला घरात ठेवायला तयार नाय. तू ठेव, नायतर..." श्रीपतनं साखळी तिच्या हातात दिली.

साळूबाईनं कुत्र्याला शेळ्यांपासून लांब, पडवीत बांधलं. भाकरीही लांबूनच सरकवली. ती नजरेआड झाली की तो खांब कुरतडायचा. जवळ बसली की सगळा भार तिच्या अंगावर टाकून टेकायचा. असलं लाडावलेलं जनावर चावेल कसं, हे तिला कळेना.

एका सकाळी तिच्या हातातली कळशी दगडावर आदळली. शेळ्या उधळल्या, कोंबड्या फडफडल्या. पडवीतल्या लाकडी फळीवर तिच्याकडे पाठ करून झोपलेल्या कुत्र्याचा कानसुद्धा हलला नाही.

साळूबाई जागच्या जागी थांबली. तिचा धाकटा भाऊ भागोजी जन्माचा बहिरा होता. मागून कुणी हात लावला की तोही असाच दचकून हात उगारायचा. त्याला उठवायचं तर आई फळीवर पाय आपटायची, हादऱ्यानं तो जागा व्हायचा. साळूबाईनं पाय आपटला. कुत्र्यानं मान उचलली आणि तिला बघून शेपटी हलवली.

"बहिरा हायस होय रे तू!" तिनं त्याचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. भागोजी जाऊन किती वर्षं झाली होती, पण डोळे भरून आले.

त्या दिवसापासून तो पांढऱ्या झाला. दोन्ही हात पसरले की ये, तळवा दाखवला की बस. उन्हानं त्याचे कान सोलवटले, तेव्हा ती त्याला सकाळ-संध्याकाळीच फिरवू लागली. शेळ्यांच्या बाबतीत मात्र तिनं त्याच्यावर कधी विश्वास टाकला नाही. करडाकडे त्याची नजर कशी खिळते, ते तिनं पाहिलं होतं.

मे महिन्यात श्रीपतबरोबर सुरेखा आली आणि उंबऱ्यातच थबकली. पांढऱ्या फळीवर झोपला होता.

"बहिरा हाय तो. पाय आपट, गो. मग उभी राहा. त्याला येऊ दे," साळूबाई म्हणाली.

सुरेखानं भीतभीत पाय आपटला. पांढऱ्या उठला, तिचे हात हुंगले आणि असा टेकला की तिला खालीच बसावं लागलं.

"त्या दिवशी घाबरला होता तो, आई," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, चवताळला."

"न्यायचा का परत?" श्रीपतनं विचारलं.

सुरेखानं नकारार्थी मान हलवली. "आपण दिवसभर बाहेर. हा एकटा काय करील?"

पांढऱ्या वाडीतच राहिला आणि म्हातारा झाला. शेवटी त्याला दिसेनासंही झालं. मग साळूबाई आधी हात त्याच्या नाकाशी धरायची, पोटभर वास घेऊ द्यायची आणि मगच पाठीवरून फिरवायची.