पत्रकबाईंची पहिली ओळ

पत्रकबाईंचं ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानाच्या मागच्या भागात टाकलेलं एक टेबल. त्याचा एक पाय आखूड, म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी. समोर एक खुर्ची, जी बसणाऱ्याला फार वेळ बसू देत नाही. मोठ्या जाहिरात कंपन्यांचे दर ज्यांना झेपायचे नाहीत, ते दुकानदार फिरून फिरून याच खुर्चीवर यायचे. गाद्या शिवणारा, चपला दुरुस्त करणारा, पावभट्टीवाला, जुने कपडे मापात बसवून देणाऱ्या मावशी. बाई पत्रक लिहायच्या, छापून घ्यायच्या, कुठल्या गल्लीत वाटायचं ते ठरवायच्या आणि जुन्या ओळखीतल्या वार्ताहराच्या मागे लागून पेपरात चार ओळींची बातमीही लावून घ्यायच्या. या सगळ्याचे पैसे इतके कमी, की झेरॉक्सवाल्याला त्यांची कीव यायची. हा धंदा आहे की समाजसेवा, असं तो विचारायचा. बाई म्हणायच्या, तू भाडं वाढवू नकोस, म्हणजे दोन्ही चालेल.

आधी त्या एका पेपरात छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर होत्या. तिथे त्यांनी एक गोष्ट पाहून ठेवली होती. ‘उत्तम स्थितीत’ असं छापलेलं शिलाई मशीन आठवडेच्या आठवडे पडून राहायचं, आणि ‘झाकण फुटलेलं आहे, टाका मात्र सरळ पडतो’ असं छापलेलं मशीन त्याच दिवशी उचललं जायचं. पुढे पेपर बंद पडला, बाई घरी बसल्या. तेव्हा त्यांचा थोरला भाऊ, दादा, आपल्या सलूनमधलं एक जुनं टेबल डोक्यावर घेऊन आला आणि म्हणाला, हे घे आणि काहीतरी सुरू कर, भिंतीकडे बघत बसू नकोस. आखूड पायाचं टेबल ते हेच.

बाईंची कामाची रीत ठरलेली होती. आधी अर्धा दिवस दुकानात नुसतं बसायचं. मग मालकाला विचारायचं, तुमच्याकडे काय चांगलं नाही? माणूस गडबडायचा, छातीठोकपणे ‘काहीच नाही’ म्हणायचा. बाई बसून राहायच्या. शेवटी तो कंटाळून खरं बोलायचा, आणि नेमकं तेच पत्रकात सगळ्यात वर यायचं. ‘दुपारनंतर येऊ नका, पाव उरलेला नसतो.’ ‘गादी वेळेवर मिळणार नाही, पण वीस वर्षं बसणार नाही.’ मावशींचं तर ‘आम्हाला नवे कपडे शिवता येत नाहीत’ इथूनच सुरू व्हायचं. लोक हसायचे आणि यायचे. हळूहळू गावाला सवयच लागली. पत्रक हातात पडलं की आधी पहिली ओळ वाचायची, आणि मालकाने कबूल केलंय ना, मग बाकीचं खरं असणार, असं धरून चालायचं.

अशात एक दिवस वहिनी ऑफिसात आल्या. दादाच्या सलूनमधली गिऱ्हाइकं कमी झाली होती. समोर नवीन सलून झालंय, तिथे गार हवा आहे, गाणी आहेत, असं दादा सगळ्यांना सांगत होता. असंच चाललं तर वर्ष संपायच्या आत गाळा सोडावा लागेल, असं वहिनींनी सांगितलं. बाईंनी पत्रक करावं, एवढंच मागणं होतं.

बाई रीतीप्रमाणे सलूनमध्ये जाऊन बाकावर बसल्या. आरसे लख्ख होते, टॉवेल घडी घातलेले, कात्र्या ओळीत. दादा केस कापत होता. डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरून. कात्री केसांपर्यंत जायच्या आधी हवेतच दोनदा वाजायची. केस कापून झाल्यावर त्या माणसाने गालावरून हात फिरवला, वस्तऱ्याकडे एकदा पाहिलं आणि दाढी उद्या बघू म्हणून उठला. समोरच्या सलूनचा काही संबंध नव्हता, हे बाईंना कळायला अर्धा दिवस लागलाच नाही.

बाहेर पडताना वहिनींनी त्यांना दाराशी गाठलं.

“त्यांना तो प्रश्न विचारू नका हो. बाकी काहीही लिहा.”

बाईंनी विचारला नाही. या माणसाने लहानपणी त्यांची वेणी घातली होती, त्यांच्या नोकरीच्या पहिल्या दिवशी पेपरच्या दारापर्यंत सोबत गेला होता. त्याला तोंडावर विचारायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी पत्रक लिहिलं, छान लिहिलं. तीस वर्षांचा अनुभव, स्वच्छता, आपुलकी, दाढी-कटिंग एकाच ठिकाणी. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पहिली ओळ गाळली.

ते पत्रक गावात वाटलं गेलं आणि घोटाळा झाला. लोकांनी सवयीने पहिली ओळ शोधली. ती नव्हती. बाईंनी सख्ख्या भावाचं उणं लिहिलं नाही, म्हणजे ते लिहिण्यासारखंच नसणार, असा लोकांनी हिशेब लावला. मग ज्याला जे सुचेल ते सुरू झालं. कोणी म्हणे त्याला दिसत नाही, कोणी म्हणे टॉवेल धुवत नाहीत, कोणाच्या मते त्याला काही संसर्गाचा आजार झाला होता. नवी गिऱ्हाइकं राहिली बाजूला, जी उरलेली होती तीही रस्ता ओलांडून जाऊ लागली. पावभट्टीवाल्याने बाईंना सरळच विचारलं, की दादाचं नक्की काय झालंय. बाईंनी विषय बदलला, आणि बदलताना त्यांच्या लक्षात आलं, की या गप्प बसण्यानेच सगळं केलंय. त्यांना स्वतःची भयंकर चीड आली.

दादा स्वतःच ऑफिसात आला. खुर्चीवर बसला, टेबलाचा पाय पाहिला, पुठ्ठा नीट सरकवला. तो रागावलेला दिसत नव्हता, नुसता दमलेला दिसत होता.

“सगळ्यांना विचारतेस,” तो म्हणाला. “मला का नाही विचारलंस?”

बाईंनी वही पुढे ओढली आणि इतर कुणालाही विचारावं तसं विचारलं, “दादा, तुझ्याकडे काय चांगलं नाही?”

त्याने बाईंच्या हातातलं पेन घेतलं, वही आपल्याकडे फिरवली आणि लिहायला लागला. वेळ लागला. एकदा कागद फाटला, तेव्हा त्याने नवीन पान घेतलं. बाईंनी मदतीला हात पुढे केला नाही, खिडकीबाहेर पाहत राहिल्या. लिहून झाल्यावर दादाने वही परत केली. अक्षरं वर-खाली झाली होती, काना एकीकडे आणि वेलांटी भलतीकडे गेली होती. लिहिलं होतं: ‘माझा हात थरथरतो. दाढी करत नाही. केस सावकाश कापतो.’

छापखान्यात ते नीट टाइप करून लावणार होते. बाईंनी नको म्हणून सांगितलं. दादाने जसं लिहिलं तसंच, त्याच अक्षरात छापायचं. पत्रकावर त्याखाली पत्ता आणि वेळ, बाकी काही नाही. मशीनवरच्या माणसाने तो कागद हातात धरून बराच वेळ पाहिला आणि छापायला लावला.

पत्रकं वाटली त्या सकाळी दादा दुकान उघडून खुर्चीशेजारी उभा होता, आणि बाई बाकावर पेपर उघडून बसल्या होत्या, त्यातलं अक्षरही न वाचता. वस्तरे नेहमीच्या जागेवर नव्हते. बराच वेळ कोणी फिरकलं नाही. मग पावभट्टीवाला आला. कोपरापर्यंत पीठ, खिशात चौघडी केलेलं पत्रक. तो सरळ खुर्चीत बसला, टॉवेल स्वतःच गळ्याभोवती घेतला आणि आरशात दादाकडे पाहिलं.

“दाढी घरूनच करून आलोय,” तो म्हणाला. “तू सावकाश काप.”