गोळ्यांच्या डब्यांतली सात पिल्लं

आमच्या साखरा गावात कोळी दिसला की लोक झाडू उचलतात. मी डबी उचलते, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

खिडकीच्या चौकटीत उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या मादीने अंडी घातली होती. हा कोळी जाळं विणून वाट बघत बसत नाही, मांजरासारखा दबा धरून झेप घेतो. पिल्लं निघाली ती राईएवढी. एकत्र ठेवली तर एकमेकांना खातात, हे मी मोबाइलवर पाहिलेलं. म्हणून सासूबाईंच्या गोळ्यांच्या सात रिकाम्या डब्या धुतल्या, झाकणांना सुईने भोकं पाडली आणि एकेकीत एक पिल्लू सोडलं.

"लोक शेळ्या पाळतेत, आमच्या सूनबाईनं कोळी पाळले!" सासूबाई म्हणाल्या.

"शेळ्यांमागं हिंडावं लागतं, आत्या. हे डबीत गुमान बसतेत."

त्यांचं खाणं शेतातच होतं. कपाशीच्या शेंड्यांवर मावा, म्हणजे बारीक हिरवी कीड. रोज दुपारी दोन शेंडे खुडून आणायचे आणि डबीत चार-चार किडे झटकायचे. टपोरे डोळे रोखून एवढंसं पिल्लू झेप घ्यायचं, ते बघताना माझा स्वयंपाक करपायचा.

एके दिवशी असाच शेंडा आणला. दुसऱ्या सकाळी तीन पिल्लं पाय आखडून मरून पडलेली. मी नवऱ्यावरच खेकसले.

"काल सकाळीच फवारा मारला ना मी! तू काहून न्हाई इचारलं?"

खरं होतं. शेंड्याला औषधाचा उग्र वास असणारच, पण तो मला आलाच नाही. हंगामात आमच्या अंगणाला, कपड्यांना, माणसांनाही तोच वास असतो. चूक माझी होती. मी रडले. कोळ्यांसाठी रडणारी गावातली मी पहिलीच असेन.

उरलेल्या चारांतलं सगळ्यात बारकं पिल्लू पुढे खाईना. डबीच्या कोपऱ्यात पांढरी पिशवी विणून ते आत बसलं.

"ह्यालाबी इख बाधलं गं," सासूबाई हळहळल्या.

माझे हात शिवशिवत होते, पण मी पिशवी फोडली नाही. पाचव्या दिवशी ते कात टाकून बाहेर आलं, आधीपेक्षा थोराड, आणि झाकण काढताच माझ्या बोटावर उडालं. बारावीचा निकाल लागला तेव्हाही मला इतका अभिमान वाटला नव्हता. शेजारपाजारच्या बायकांना बोलावून बोलावून दाखवलं.

पुढच्या फवारणीला मी भाकर घेऊन शेतात गेले. पाठीवर पंप घेतलेला नवरा धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधालगतच्या, दोन ओळी तशाच सोडून पुढे निघाला होता. शेजारच्या शेतातले काका ओरडले, "अरे, ही दोन तासं काहून सोडून राहिला? मावा पसरंल ना!"

कपाशीवर एक कीड दिसली तरी ज्याला जेवण गोड लागत नाही, तो माझा नवरा मान वर न करता म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, काका. घरी चार लेकरं हायत, त्यांचं खाणं हाय ते."