नावेला चाकं

मालकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि आमच्या घरात एकच प्रश्न उभा राहिला, की नावेचं मागचं टोक आता कोण धरणार. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. मालक डॉक्टरांसमोर मान हलवत होते. मी इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काढली आहेत. ती मान कशी हलते आणि तिचा अर्थ काय, ते मला कळतं.

नाव आमच्या नातीची. आम्ही मूळचे औशाकडचे. मुलगा-सून लातूरला नोकरी करतात. नातीला नांदेडच्या कॉलेजात जागा मिळाली आणि होस्टेलचं जेवण काही तिच्या पोटाला मानवेना, म्हणून आम्ही दोघं म्हातारी तिच्यासाठी नांदेडला दोन खोल्या घेऊन राहिलो. मला वाटलं, पोरगी कॉलेजात जाईल, मी भाकरी करीन, मालक पेपर वाचतील. पोरगी गोदावरीवर नाव चालवायला शिकली. ह्या नावेला कयाक म्हणतात. एका माणसाची, लांबुडकी, प्लास्टिकची, मधे बसायला खोलगट जागा. कुठल्याशा तलावावरचा नौकाविहार बंद पडला, तिथली एक जुनी तिनं आणली. रंग नारिंगी. आमच्या जिन्याखाली ती तिरकी घालून ठेवली तेव्हा शेजारीण मला म्हणाली, "मावशी, पाण्याची टाकी अशी आडवी का पाडलीत हो?"

मालकांना मात्र नाव बघताक्षणी आवडली. का, तर ती गाडीच्या टपावर बांधून न्यायची होती. त्यांनी लातूर-औसा रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवली, त्यातच केस पांढरे झाले. टपावर खाटा बांधायच्या, सायकली बांधायच्या, लग्नातलं रुखवत बांधायचं. दोरी आवळण्यात त्यांचा हात धरणारा त्या रस्त्यावर कुणी नव्हता. आता आमच्याकडं जुनी लहान गाडी आहे. टपावर बांधायला काही उरलं नाही म्हणून मालक आतून सुकत चालले होते, हे मला नाव आल्यावर समजलं.

पहिल्या खेपेला त्यांनी टपावर दोन वाकळा घातल्या, त्यावर नाव पालथी ठेवली, नायलॉनची दोरी दारांतून ओवून घेतली आणि दोरीत काठी घालून पीळ दिला. खाट तशीच बांधतात. मग नावेला धक्का दिला. नाव हलली नाही, गाडी हलली.

"बघ," मला म्हणाले.

उन्हाळ्याचे दिवस होते. वाटेत ओळखीचं कुणी भेटलं, चहा झाला, गप्पा झाल्या, गाडी उन्हात उभी. नदीवर जाऊन दोरी सोडली तर नावेच्या पाठीत दोन पन्हळी पडलेल्या. नात नावेवरून हात फिरवत राहिली.

"आबा, ही खाट न्हाई," शेवटी म्हणाली. "प्लास्टिक हाय. उन्हात मऊ पडतं."

"खाटेला कधी काई झालं न्हाई."

"खाटेला पाण्यात जायचं नसतं, आबा."

नाव दुसऱ्या दिवशी मोकळी करून गच्चीवर उन्हात ठेवली, तर पन्हळी आपोआप बऱ्याच वर आल्या. ज्या उन्हानं बिघडवली त्याच उन्हानं सुधारली. थोडा खड्डा राहिला तो राहिला.

तेव्हापासून सामान निवडण्याचं सुरू झालं. गाड्यांच्या सामानाच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. दुकानदार जाळीचा कॅरियर दाखवत होता. "सगळे हाच नेतात, काका. चार बॅगा आरामात बसतात." नातीला जाळी नको होती, दोन आडव्या दांड्या हव्या होत्या, एक पुढं, एक मागं, जितक्या लांब बसतील तितक्या. मालक प्रत्येक दांडीला लोंबकळून बघत होते. दुकानदार म्हणाला, "काका, तुम्हाला टपावर बसायचंय का?" दांड्यांवर घालायला फोमच्या नळ्या घेतल्या, त्यांना मधून चीर असते, दांडीवर चढवल्या की बसतात. मी म्हटलं, वाकळा काय वाईट होत्या? नात म्हणाली, "आज्जी, वाकळ सरकते." हे खरं होतं.

मग पट्टे. मोबाइलवर तिनं दोन प्रकार दाखवले. मला इंग्रजी येत नाही, मी चित्रं बघत होते. एका पट्ट्याला कटकट वाजत घट्ट होणारी कळ होती, ट्रकवाले वापरतात तसली. दुसऱ्याला नुसती पितळी पकड, हातानं ओढायचा, जेवढी हाताची ताकद तेवढाच आवळतो. मालकांचं बोट कटकटीवर.

"आबा, ती पुन्हा काठीच झाली," नात म्हणाली.

मालकांनी जरा विचार केला. "खरं हाय," म्हणाले. मी चकित झाले. आपलं चुकलं हे त्यांनी माझ्यापुढं कधी इतक्या लवकर कबूल केलेलं नाही.

पट्टे आले, पहिल्या दिवशी नाव बांधली, गाडीनं वेग घेतला आणि टपावर असा घुमारा सुरू झाला की मालकांनी गाडी कडेला घेतली, उतरले आणि बॉनेट उघडून आत बघत बसले. इंजिन बंद होतं. आवाजही बंद. चालू केलं, आवाज नाही. निघालो, परत घुमारा. नात मागं हसून लोळत होती. वाऱ्यानं पट्टा वाजत होता. तिनं उतरून पट्ट्याला एक पीळ दिला आणि आवाज थांबला. मालक नदी येईपर्यंत कुणाशी बोलले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलत होत्या.

असे दिवस चांगले चालले होते. गाडीवरून उतरवलेली नाव नदीपर्यंत न्यायची तर शेतातून बरीच वाट होती. हळदीच्या रानाच्या कडेकडेनं, मग बाभळी, मग उतार. नात पुढं, मालक मागं. मी वल्हं आणि डबा घेऊन त्यांच्या मागं. मालकांच्या खांद्यावर मी जुन्या लुगड्याची घडी टाकून द्यायची. ते चालताना नावेशी बोलायचे, "चल बाई, चल."

मग दुखणं, मग ऑपरेशन.

गाडीवर नाव चढवायला एकटं माणूस पुरतं, हे नातीनं करून दाखवलं. मागून टोक टेकवायचं, खाली गोधडी घालायची आणि ढकलायचं. पण वाटेनं एकटीला नेता येईना. दोन-तीनदा तिनं ओढत नेली. खालून प्लास्टिक खरवडलं गेलं. मग तिनं मोबाइलवर चाकं शोधली. दोन चाकांचा लहान गाडा असतो, नावेच्या मागच्या भागाखाली बांधायचा, पुढचं टोक हातात धरून ओढत न्यायचं. मला बघताक्षणी पटलं.

मालकांना एकही चाक पटेना. लहान कडक चाक दाखवलं तर म्हणाले, "काळ्या मातीत रुतंल. पाऊस पडून गेला की बघायला नको." मोठं हवेचं दाखवलं तर, "बाभळीची वाट हाय. पयल्याच दिवशी पंक्चर." मोठं भरीव दाखवलं तर, "लई जड." त्याच्याहून हलकं दाखवलं तर, "हे काय, पोरांची बाबागाडी हाय का?"

बोलणं एकेक खरं होतं. पण ज्या माणसानं जन्मभर रस्त्याकडेला बसून पंक्चर काढले, तो काट्याला कधीपासून भ्यायला लागला? नात नवीन नवीन चाकं दाखवत राहिली आणि मालक नाही म्हणत राहिले.

एका रविवारी नदीवर पोचलो. मी डिकीतून डबा काढत होते. वळून बघते तर दोघं वाटेला लागलेली, मालकांच्या खांद्यावर नाव. नातीला वाटलं, मागचं टोक मी उचललंय. मी हाक मारली तरी थांबले नाहीत. बाभळीपाशी त्यांचा एक हात नावेवरून सुटला आणि पोटाकडं गेला.

"ठेव खाली," मी ओरडले. "पोरी, खाली ठेव ते!"

नात वळली आणि तिचा चेहरा उतरला. "आबा! तुम्ही व्हय? मला सांगायचं तरी!"

"काई झालं न्हाई," मालक म्हणाले. कपाळावर घाम होता.

त्या दिवशी नाव पाण्यात गेलीच नाही. नात गाडीत बसून रडली, मालकांवर नाही, स्वतःवर. "मी नाव विकून टाकते," म्हणाली. मी तिला म्हटलं, विक, पण आधी डबा खा. तिला गाडीत सोडून मी मालकांकडं गेले. ते बांधावर बसले होते.

"चाकं का नकोत?" मी विचारलं.

"सांगितलं की."

"ते चाकांचं सांगितलं. तुमचं सांगा."

त्यांनी बांधावरचं गवत उपटलं. मग म्हणाले, "चाकं आली की मी काय करू? गाडीत बसून हॉर्न वाजवू?"

"बसा की. तुमच्या जीपमधून कुठं गेले तर मी काय करायचे? शेजारी नुसती बसायचे. मी मेले का?"

"तुझं येगळं."

"काय वेगळं?"

ते चपलेतली माती झटकायला लागले. मी ओढून काढलं नाही. एवढंच म्हटलं, की ती पोरगी नाव विकायला निघाली आहे, आणि तुमच्या पोटाला पुन्हा टाके पडले तर ती जन्मात पाण्याकडं बघणार नाही. तुम्हाला तेच पाहिजे असेल तर उचला उद्यापासून, मी आडवी येत नाही.

ते उठले आणि गाडीकडं गेले. खिडकीतून आत वाकून नातीला म्हणाले, "ती भरीव चाकं. मोठी. जड असली तरी असू दे. मागव."

"आबा, नको."

"मागव म्हणतो न्हवं."

चाकं आली. मालकांनी ती स्वतः जोडली, खाली बसूनच, काही न उचलता. मी समोर बसून लक्ष ठेवलं. ती उलटी जोडली गेली, पुन्हा सोडली, पुन्हा जोडली. त्यात त्यांची सकाळ बरी गेली.

पहिल्या दिवशी हळदीच्या कडेनं नाव अशी पळाली की नातीला पुढं धावायची पाळी आली. माती ओली होती, चाकाला चिकटत होती, पण गाडा थांबला नाही. काटे रुतले, चाकाला काही झालं नाही. मालक रिकाम्या हातानं चालत होते. रिकामे हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. कधी पाठीमागं, कधी खिशात.

मग उतार आला. खाली पाण्यापर्यंत मोठमोठे दगड. तिथं चाकांचं काम संपलं. हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. नातीनं गाडा सोडला, नाव खाली ठेवली आणि दगडांकडं बघत राहिली. मालक पुढं झाले.

"मागं सरका," मी म्हटलं आणि मागच्या टोकाची दोरी धरली.

"तुला जमायचं न्हाई."

"कडब्याच्या पेंढ्या कुणी वाहिल्या? तुम्ही तर जीपमधे होतात."

नातीनं पुढचं टोक उचललं, मी मागचं. वजन काही फार नाही, पण अडचण दुसरीच. नाव कमरेशी धरली की आपले पाय आपल्याला दिसत नाहीत. मी पहिल्याच दगडावर अडखळले.

"थांब!" मालक ओरडले. ते माझ्या बाजूला आले. "डावा पाय. खाली घे. आणखी. हां, टेकव. आता उजवा, तो दगड हलतोय, त्याच्यावर नको. पलीकडं. अगं पलीकडं!"

मी आजवर त्यांचं एवढं कधी ऐकलं नव्हतं. ते सांगतील तिथं पाय ठेवत गेले. ते स्वतः आधी दगडावर पाय देऊन बघायचे, हलला तर दुसरा शोधायचे, मग मला बोलवायचे. "ये. ये. हां. पोरी, तू थांब जरा, तुझ्या आज्जीला घाई न्हाई." जीपमधे म्हाताऱ्या माणसांना चढवताना त्यांचा आवाज असा व्हायचा.

नाव पाण्याला लागली. नात बसली, वल्हं मारलं आणि गेली. लांब जाईपर्यंत मालक उभे होते. मग माझ्याशेजारी दगडावर बसले.

"वाकून धरतीस," म्हणाले. "पाठ मोडंल."

"व्हय."

त्यांनी माझा हात ओढून घेतला आणि तळवा उघडला. दोरीचा लाल वळ उठला होता. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला, एकदा, मग पुन्हा. थोड्या अंतरावर जाळं टाकणारी माणसं होती.

"लोक बघायलेत," मी म्हटलं.

"बघू दे." हात सोडला नाही. "जाताना सायकलच्या दुकानापाशी गाडी थांबवतो. जुनी ट्यूब मागून घेतो. दोरीला गुंडाळली की हाताला काचणार न्हाई."

"घ्या," मी म्हटलं.