धाकट्यानं पाहिलेलं जहाज

धाकट्या भावाला पोहायला मी शिकवलं, आंजीच्या आमच्या शेतातल्या विहिरीत. पुढे नौदलाच्या भरतीला आम्ही दोघंही गेलो. माझे डोळे अधू निघाले आणि तो निवडला गेला. मी गावच्या शाळेत मास्तर झालो.

पाचेक वर्षांनी तो सुटीवर आला, तेव्हा आमची ओसरी माणसांनी भरून गेली. पाणबुड्याचं काम शिकायला त्याला विलायतेला धाडलं होतं. पाठीवर हवेच्या टाक्या बांधून तो तिथल्या गारठलेल्या समुद्रात, एका बुडालेल्या जहाजावर उतरला होता.

"हात बधिर होऊन जातेत," तो सांगत होता. "पाणी हिरवं, गढूळ. अन् एकदम समोर लोखंडाची भिंत! तिच्यावर पांढरी, नारिंगी फुलं. बोट लावलं का मिटतेत. फुलं नाई ते, जिवंत प्राणी हायेत. धुराड्यात मांडीएवढी वाम मासोळी. अन् एक निळाजर्द झिंगा, हातभर."

"झिंगा लाल असते," मी मध्येच म्हणालो. शाळेत प्राण्यांचे धडे मीच घेत होतो.

"शिजवल्यावर, दादा."

सगळे हसले. आईसुद्धा. त्या दिवशी जेवण मला गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्याला विहिरीवर नेलं. "चाल, तळाची माती कोण आणते पाहू."

मी उडी मारली. मूठभर गाळ घेऊन वर आलो, तर हा सदरा न काढता काठावरच बसलेला.

"काऊन रे, भेला का?"

"मले बुडी मारायची मनाई आहे, दादा. डावा कान फुटला. आता सामानाच्या कोठीत बसून राह्यलो. आईले नको सांगजो."

'बरं झालं.' माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच. मग लाज वाटली. पण मत्सर काही गेला नाही. कान गेला तरी ते जहाज त्यानं पाहून घेतलं होतं.

आईला मी कधीच काही सांगितलं नाही. त्याच वर्षी वर्गात समुद्राचा धडा आला. लोखंडावरच्या त्या मिटणाऱ्या फुलांचं मी असं वर्णन केलं की वर्ग चिडीचूप झाला.

एका मुलीनं विचारलं, "गुरुजी, तुम्ही पाह्यलं हे?"

"हो," मी म्हणालो, आणि तासभर त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत राहिलो.