नीलांबरीची लावणी

डब्लिनच्या इन्शुरन्स ऑफिसात नीलांबरीइतकं हळू बोलणारं कुणी नव्हतं, आणि तिच्याइतकं झपाट्यानं काम उपसणारंही. नागपूरची ही पोर प्रोग्रॅमरांत वाघीण, पण स्टेजचं नाव काढलं की ती पळ काढायची. महाराष्ट्र मंडळाच्या शोभाकाकूंना दर गणपतीला तिचं ठरलेलं उत्तर असायचं, "नको हो, काकू."

२००४च्या उन्हाळ्यात तिच्यापुढे जुन्या फायलींचा डोंगर आला. एकेक फाईल नव्या प्रोग्रॅममध्ये उघडायची, सेव्ह करायची. दर वेळी स्क्रीनवर चौकटी उगवायच्या, अळंब्यांसारख्या, एकीच्या आडून दुसरी. जुनी फाईल बदलू का? फॉन्ट सापडत नाही, तरी पुढे जाऊ का? सगळ्यांना उत्तर एकच : हो. मग तिनं आपोआप उत्तरं देणारी स्क्रिप्ट लिहिली : जी चौकट पुढे येईल तिच्यात 'वाय' टाईप कर आणि एंटर दाब. स्क्रिप्ट सुरू करून बाई निवांत जेवायला गेली.

परतली तर समोर चॅटची खिडकी उघडी. शोभाकाकूंनी विचारलं होतं,

"यंदा गणपतीत लावणी करशील?"

"वाय."

"वाय म्हणजे यस ना गं?"

"वाय."

"एकटी? सगळ्यांसमोर?"

"वाय."

"अगं बाई! माझी नऊवारी देऊ?"

"वाय."

नीलांबरी किंचाळली. शेजारचा प्रल्हाद, मंडळाचा ढोलकीवाला, धावत आला. वाचून इतका हसला की खुर्चीचा आधार घ्यावा लागला. "यार, इतकं बिनधास्त मी लग्नालाही हो म्हटलं नव्हतं!"

"हसू नकोस. चौकटीचं नाव वाचायला सांगायचंच राहिलं स्क्रिप्टला." तिनं स्क्रिप्टमध्ये भर घातली : नाव ओळखीचं असेल तरच उत्तर दे, नाहीतर थांब. मग काकूंना फोन लावला.

"काकू, ते मी नव्हते. माझी स्क्रिप्ट होती."

"असेल कुणी. तिलाही आण, दोघी नाचा."

"अहो, माणूस नाही ती!"

"बरं, मग तूच सांग. हो की नाही?"

'नको' जिभेवर आलंच होतं. पण समोर त्या निर्लज्ज होकारांची रांग दिसत होती. तिला हसू फुटलं, आवरेचना, आणि त्या हसण्यातच शब्द निसटला, "हो!"

गणपतीत शाळेच्या जिममध्ये पडदा सरकला. नीलांबरीचे पाय लटलटा कापू लागले. पायांत चाळ बांधलेले. कापरं भरलं तसे घुंगरू झणझणले, आणि लोकांना वाटलं, लावणीची सुरुवातच अशी! प्रल्हादनं त्या थरथरीवर ढोलकीची थाप टाकली. पहिली शिट्टी काकूंची. नीलांबरीनं आपल्या पायांकडे पाहिलं, आणि म्हणाली, कापा लेको, अजून कापा.