खिडकीतल्या तीन बरण्या

आमच्या विज्ञानाच्या सरांना मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. हे पहिल्याच ओळीत सांगते, कारण मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाप दर जयंतीला भोरहून चळवळीच्या पत्रकांची चळत आणायचा आणि जेवणाआधी मला मोठ्यानं वाचायला लावायचा. पत्रकात जे म्हणायचं ते आधीच म्हणून टाकतात.

दहावीला प्राण्यांचं वर्गीकरण होतं. सर शिकवायचे मात्र चांगलं. "प्राणी कुठं सापडला, कुणाला सापडला, हे विचारायचं नाही," ते म्हणाले. "शरीर बघायचं. पायांना सांधे आहेत का, अंगावर वलयं आहेत का. लक्षणं सारखी, तर गट एक." मला ते इतकं आवडलं की घरी जाऊन बापाला ऐकवलं. बाप म्हणाला, "ह्ये तर आपल्याच पत्रकातलं हाय की."

मग तालुक्याहून साहेब येणार असं कळलं. प्रत्येकानं बरणीत एकेक प्राणी आणायचा, सर ते काचेच्या कपाटात गटवार मांडणार. ज्याची बरणी कपाटात, त्यानं शेजारी उभं राहून साहेबांना माहिती सांगायची. मला ती सांगायचीच होती. खेकड्याचं सगळं मी भात लावताना म्हणून म्हणून पाठ केलं होतं.

बौद्धवस्तीतले आम्ही तिघं त्या वर्गात होतो. मी ओढ्यातला खेकडा नेला, चुलतभावानं खाचरातली जळू, मैत्रिणीनं सरपणात सापडलेला विंचू. दुसऱ्या दिवशी कपाट मांडून तयार होतं. दोन बेडूक शेजारी शेजारी होते. वरच्या आळीतल्या एका पोराचा खेकडा होता, आमच्याच ओढ्यातला, माझ्या खेकड्याहून लहान. आमच्या तिन्ही बरण्या दाराजवळच्या खिडकीत, फिनेलच्या बाटलीशेजारी.

"सर, आमच्या बरण्या?"

"जागा नाही गं. आणि तुमच्या बरण्यांना वास येतोय."

झाकणं घट्ट होती. कपाटाचा खालचा कप्पा रिकामा होता.

मी रडले नाही. सरांनी शिकवलं तसं लक्षण शोधत बसले. जळू वलयांकित. विंचू आणि खेकडा संधिपाद. जळूला माझ्या खेकड्याच्या गटात घालणारं आणि त्या पोराच्या खेकड्याला बाहेर काढणारं लक्षण कोणतं? त्यांच्या अंगावर काही सापडेना. सापडलं ते झाकणांवर, जिथं आम्ही आपापली आडनावं लिहिली होती.

कपाटातल्या प्रत्येक कप्प्याला सरांनी पुठ्ठ्याची पट्टी लावली होती. तशीच एक मी केली आणि साहेब यायच्या दिवशी खिडकीला लावली: 'गट: खिडकीतले. लक्षण: बौद्धवस्तीतून आणलेले. उदाहरणं: खेकडा, जळू, विंचू.' शिवी एकही नव्हती.

कपाट बघून साहेब दाराकडं निघाले आणि पट्टीपाशी थांबले. सकाळपासून पट्ट्या मोठ्यानं वाचत होते, तशीच हीही वाचली.

"विंचू कुठल्या गटात येतो हो, सर?"

"संधिपाद, साहेब."

"मग हितं काय करतोय?"

"ती पोरगी जरा... त्यांच्या घरात पत्रकं वाचतात."

"पत्रकाचं नाही, मी विंचवाचं विचारलं."

साहेब काही आमचे कैवारी नव्हते. त्यांना पोह्यांची घाई होती. "आत ठेवा," म्हणाले आणि गेले.

"उचल," सर मला म्हणाले.

मी हात पाठीमागं बांधले. "तुम्ही ठेवा, सर."

कुणी हललं नाही. शेवटी सरांनी खिशातून रुमाल काढला, जळूच्या बरणीभोवती गुंडाळला आणि उचलली. मागच्या बाकावरून वरच्या आळीतलंच एक पोरगं बोललं, "सर, जळू काचंतनं चावती व्हय?" सगळा वर्ग फुटला. सरांचे कान लाल झाले. तो रंग मी अजून आठवते आणि मला अजून बरं वाटतं.

पण हिशोब पुरा झाला नव्हता. माझा खेकडा कपाटात गेला तेव्हा साहेब पोहे खात होते. माझी माहिती कुणी ऐकलीच नाही.

गेल्या पावसाळ्यात पालीच्या रस्त्याला काकीबरोबर बसले होते. राजगडाला येणाऱ्या गाड्या तिथं थांबतात, काकी पाटीत खेकडी विकते. एक म्हातारा वाकला आणि उघड्या हातानं खेकडी उलटीपालटी करून बघू लागला. सगळ्यात मोठा त्यानं उचलला. तेच सर. खेकडी कुठल्या वस्तीतली, हे त्यांनी विचारलं नाही.

"सर, आज रुमाल नाही आणला?"

त्यांनी वर बघितलं. ओळखलं. खेकडा हातातच राहिला.

"संधिपाद संघ," मी सुरू केलं. "बाह्यकंकाल कठीण. पायांच्या पाच जोड्या, पुढची जोडी नांग्यांची. श्वसन कल्ल्यांनी..." शेजारची ट्रेकवाली पोरं कौतुकानं ऐकू लागली. मी सगळं सांगितलं, एक ओळ गाळली नाही. सरांनी खेकडा पाटीत टाकला आणि निघून गेले.

"आगं, गिऱ्हाईक घालवलंस की!" काकी करवादली. "लई शाणी झालीस. आता येवढा मोठा कोन घेनार?"

"कुणाला देऊ नकोस, काकी. आपण खाऊ."

संध्याकाळी तिनं त्याचा झणझणीत रस्सा केला. नांग्या मी फोडल्या.