सलीमाच्या वाऱ्यावरची पेटी

पिंपळगाव राजाच्या अब्दुल गनीनं आमच्या भजनी मंडळाची पेटी दोनदा दुरुस्त करून दिली आणि दोन्ही वेळा ती बेसूर निघाली. तिसऱ्यांदा घेऊन गेलो तेव्हा मी घुश्श्यातच होतो. पेटी त्याच्या ओट्यावर आपटली आणि तसाच परत आलो.

पेटीत प्रत्येक सुराची एक पितळी पट्टी असते. एक टोक घट्ट, दुसरं मोकळं. भात्याचं वारं फटीतून जाताना मोकळं टोक थरथरतं, तोच आवाज. टोकाशी खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. या कामात गनीभाईचा हात धरणारं कोणी नव्हतं.

पण बत्तीस वर्षं भाता मारला त्याच्या बायकोनं, सलीमानं. तिला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, वारं मात्र एकसारखं द्यायची. तो 'बस' म्हणाला की थांबायची. गेल्या दिवाळीनंतर ती वारली. लोणारला दिलेली मुलगी हीना तेव्हापासून बापाला बोलावत होती. एक पेटी एकट्यानं लावून पाहतो, नाहीच जमलं तर येतो, असं त्यानं तिला सांगितलं होतं. ती पेटी नेमकी आमची.

चार दिवसांनी गेलो तर गनीभाई एका हातानं भाता मारतोय, तो सोडून कानस घेतोय, पुन्हा भाता. दर वेळी वारं कमी-जास्त. जोराच्या वाऱ्यानं सूर किंचित उतरतो, हे मला त्यानंच शिकवलेलं. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी समोर बसलो आणि भाता धरला. हळू, अजून हळू, असं सांगत त्यानं माझा हात बसवला. एकेक सूर लागत गेला.

शेवटच्या सुराला तो वर न बघताच म्हणाला, "बस, सलीमा."

मी थांबलो. त्यानं सगळे सूर वाजवून पाहिले, एकही खोटा नव्हता. मी म्हणालो, आता हीनाला कळवा, इथंच राहतो म्हणून. भाता मारायला मी येत जाईन.

त्यानं कानस फडक्यात गुंडाळली. "पेटी लागली, सहदेवभाऊ. पण मले एकट्याले नाही लागली."

पुढच्या सोमवारी तो लोणारला गेला. मला त्याची फार आठवण येते. पेटी अजून सुरात आहे. वाजवताना मी वारं तेवढंच देतो, सलीमा द्यायची तेवढं.